स्थानक आणि पेठ



मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने स्मृतिव्याख्यानासाठी मेट्रोच्या स्थानकांना जोडलेल्या दुकाने-कचेऱ्यांच्या संकुलांचा विषय निवडावा, याचे आपणांपैकी काहींना आश्चर्य वाटले असेल. संतवाङ्मय किंवा निजामी राजवटीतील मराठी शिक्षण हे विषय मला अधिक परिचयाचे. तरीही हा विषय घेण्यास कारण आहे. हैदराबादची मेट्रो २९ नोव्हेंबर २०१७ रोजी प्रवाशांसाठी खुली झाली. तिचा खर्च केवळ तिकिटांतून भागणार नाही, जवळपास निम्मा भार मॉल आणि कचेऱ्यांचे भाडे उचलील, असा तिच्या आखणीचा पाया होता. तो अंदाज फसला. सप्टेंबर २०२५ मध्ये तेलंगण शासनाने हा प्रकल्प खाजगी कंपनीकडून स्वतःकडे घेण्याचे मान्य केले, आणि त्यासोबत सुमारे १३,००० कोटी रुपयांचे कर्जही. शासनाचे कर्ज म्हणजे अखेर आपले कर्ज. तेव्हा हा व्यवहार काय होता आणि तो कोठे अडला, हे सामान्य नागरिकाने समजून घेणे आवश्यक आहे.

मी अर्थशास्त्रज्ञ नव्हे, नगररचनाकारही नव्हे. माझा मार्ग शब्दांचा. तेथूनच आरंभ करतो.

पेठ, कौल आणि उतारू

'पेठ' या मराठी शब्दाला दोन अर्थ आहेत. पेठ म्हणजे बाजार आणि पेठ म्हणजे वस्तीही. पुण्याची बुधवार पेठ ही बाजाराची जागा होती आणि राहण्याचीही. खाली दुकान, मागे कोठार, वर बिऱ्हाड, ओसरीवर हिशेबाची चोपडी. आज नगररचनाकार ज्याला 'मिश्र वापर' म्हणतात तो आपल्या भाषेने एका शब्दात बांधून ठेवला होता.

पेठ बहुधा आपोआप वसत नसे, ती वसवावी लागे. त्यासाठी राज्यकर्ते 'कौल' देत. नव्या पेठेत येणाऱ्या व्यापाऱ्याला काही वर्षे कर माफ, पुढे हळूहळू आकारणी, असे त्याचे सर्वसाधारण स्वरूप असे. पेठेची व्यवस्था पाहणाऱ्या शेटे-महाजनांना वतन मिळे. आजचे थोडे उत्पन्न सोडायचे, म्हणजे उद्या जकात वाढेल, हा त्यामागील विचार. शासन आणि कंपनी यांच्यात आज होणारा सवलतीचा करार हा त्या कौलाचाच वंशज आहे. त्या काळीही कौल कोणाला, किती वर्षांसाठी आणि कशाच्या बदल्यात, हेच प्रश्न महत्त्वाचे होते.

दुसरा शब्द 'उतारू'. जुन्या मराठीत आगगाडीच्या प्रवाशाला उतारू म्हणत. प्रवास करणारा माणूस भाषेने त्याच्या उतरण्यावरून ओळखला, हे मला फार मार्मिक वाटते. गाडीत बसलेला माणूस दुकानदाराच्या उपयोगाचा नसतो. तो उतरला, चार पावले चालला, त्याला तहान लागली, घरी न्यायच्या भाजीची आठवण झाली, की बाजार सुरू होतो. स्थानक आणि पेठ यांचे नाते या चार पावलांत आहे.

आपल्या शहराला हे नाते नवे नाही. १९०८ च्या मुसी नदीच्या महापुरानंतर, १९१२ मध्ये, येथे सिटी इम्प्रूव्हमेंट बोर्ड स्थापन झाले. त्याने उभारलेल्या पत्थरगट्टीच्या दगडी कमानींत खाली दुकाने आणि वर राहण्याची सोय होती. पायी चालणाऱ्याला कमानींखाली सावली होती. १९३२ मध्ये निजामाच्या रेल्वेने स्वतःच २७ बसगाड्या घेऊन रस्ता वाहतूक सुरू केली, कारण उतारूला स्थानकाच्या दारात सोडून देऊन काम संपत नाही, हे त्या रेल्वेला कळले होते.

ओसाकाचा धडा

आगगाडी आणि दुकान यांचा व्यवहार जाणीवपूर्वक जुळवणारा पहिला मोठा माणूस म्हणजे जपानचे इचिझो कोबायाशी (१८७३–१९५७). १९१० मध्ये ओसाका शहरातील उमेदा येथून बाहेरच्या खेड्यांकडे जाणारी एक विद्युत रेल्वे सुरू झाली. हीच पुढची हानक्यू रेल्वे. वाटेत दाट वस्ती नव्हती. गाड्या भरणार कशा?

कोबायाशींनी मार्गालगतच्या जमिनी आधी घेऊन ठेवल्या होत्या. तेथे घरे बांधून ती मासिक हप्त्यांवर विकली. घर घेणारा रोज शहरात नोकरीला जाऊ लागला, म्हणजे सकाळची गाडी भरली. मार्गाच्या दुसऱ्या टोकाला, ताकाराझुका येथे, त्यांनी करमणुकीची केंद्रे काढली. तेथील मुलींच्या संगीत नाट्यमंडळीचा पहिला प्रयोग १९१४ मध्ये झाला आणि ती मंडळी आजही नावाजलेली आहे. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी उलट्या दिशेच्या गाड्या भरू लागल्या. अखेर १९२९ मध्ये उमेदा स्थानकाच्याच इमारतीत रेल्वेने स्वतःचे मोठे भांडार उघडले. रेल्वे कंपनीने स्थानकात चालवलेले जगातील पहिले भांडार म्हणून त्याचा उल्लेख होतो.

त्याआधी, १९२० पासून, त्याच जागी एका जुन्या पेढीला दुकान थाटू देऊन कोबायाशींनी ग्राहकांचा कल पाहून घेतला होता. भांडाराच्या वरच्या मजल्यांवरील उपाहारगृहात स्वस्त कढी-भात मिळे. मंदीच्या दिवसांत काही गिऱ्हाइके नुसता भात मागवून त्यावर टेबलावरची चटणीवजा सॉस ओतून खात. इतरत्र अशांना हाकलले असते. कोबायाशींनी त्यांचे स्वागत केले. आज जो नुसता भात खातो तो उद्या कुटुंब घेऊन येईल, असा त्यांचा हिशेब होता. रेल्वेचे दुकान रेल्वेच्या उतारूसाठी असले पाहिजे, आणि उतारू बहुतेक मध्यमवर्गीय किंवा गरीब असतो, हे त्यांनी ओळखले होते.

वाढलेली किंमत कोणाची?

आता या व्यवहाराचे गणित पाहू. समजा, एका जागेची किंमत आज १०० रुपये आहे. तेथे स्थानक होणार अशी बातमी आली की ती १५० होते. गाडी धावू लागली की ३००. मालकाने त्या जागेत एक वीटही लावलेली नाही. ही २०० रुपयांची वाढ लोकांच्या पैशाने उभारलेल्या मार्गामुळे आणि लोकांच्याच वर्दळीमुळे झाली. ती कोणाच्या पदरात पडावी? काहीच व्यवस्था केली नाही तर ती शेजारच्या जमीनमालकाकडे जाते आणि रेल्वे तोट्यात राहते. ही वाढ पकडून तिच्यातून रेल्वेचा खर्च भागवावा, हा स्थानक-संकुलांमागील मूळ विचार.

हाँगकाँगने तो सर्वांत शिस्तीने राबवला. तेथील मेट्रो १९७९ मध्ये सुरू झाली. शासन मेट्रो महामंडळाला स्थानकांवरील आणि आगारांवरील बांधकामाचे हक्क देते आणि जागेची किंमत मात्र रेल्वे येण्यापूर्वीच्या दराने लावते. महामंडळ विकासकांना बोलावते. बांधकामाचा खर्च आणि जोखीम बहुतांशी विकासकाची, नफ्यात महामंडळाचा वाटा. स्थानकावर हजारो घरे, त्यांखाली दुकाने, शहराच्या मध्यभागी कचेऱ्या. महामंडळाचे बहुसंख्य भाग शासनाकडेच असल्याने लाभाचा मोठा हिस्सा जनतेकडे परत येतो.

आपल्या मराठी मुलखात याचे मोठे उदाहरण नवी मुंबई. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि नव्या शहराची जमीन तिच्याकडे आली. मानखुर्दहून खाडी ओलांडून रेल्वे १९९२ मध्ये वाशीला पोहोचली. त्या मार्गाच्या खर्चाचे ६७ टक्के सिडकोने आणि ३३ टक्के रेल्वेने उचलले. शहर वसवणारी संस्था रेल्वेचा दोन-तृतीयांश खर्च देते, ही भारतात अपूर्व गोष्ट होती. जमिनीची वाढणारी किंमत सिडकोच्याच हाती राहणार असल्याने ते शक्य झाले. वाशी आणि बेलापूरची स्थानके केवळ फलाट नव्हेत. त्यांच्यावर आणि भोवती कचेऱ्यांची दालने आहेत. सीवूड्स-दारावे स्थानकावरील विकासाचे हक्क २००८ मध्ये सुमारे १,८०० कोटी रुपयांना दिले गेले, आणि तेथील मॉल २०१७ मध्ये उघडला. तेथे फलाट, दुकाने आणि कचेऱ्या एकाच वास्तुसमूहात आहेत.

कचेऱ्या आणि दुकाने एकत्र का, असाही प्रश्न विचारला जातो. कचेरी सकाळ-संध्याकाळ माणसे आणते. दुकान दुपारी आणि सुट्टीच्या दिवशी. उपनगरात कचेरी असली तर सकाळच्या गाड्या दोन्ही दिशांनी भरतात. कोबायाशींनी ताकाराझुका ज्या हेतूने वसवले, तोच हेतू येथे आहे.

हैदराबादचा कौल

हैदराबादमध्ये पहिली बोली २००८ मध्ये स्वीकारली गेली. 'सत्यम्' या संगणक कंपनीच्या प्रवर्तक कुटुंबाशी संबंधित 'मायटास' कंपनीच्या गटाने मेट्रो बांधण्यासाठी अनुदान मागितले नाही. उलट शासनालाच करारकाळात ३०,३११ कोटी रुपये देऊ केले. रोमन लिपीत 'सत्यम्' उलट वाचले की 'मायटास' होते. व्यवहारही तसाच उलटा वाटावा. दिल्ली मेट्रोचे तत्कालीन प्रमुख ई. श्रीधरन यांनी त्याच वर्षी नियोजन आयोगाला पत्र लिहून सावध केले की, यात मेट्रोपेक्षा जमिनीवर डोळा असावा. जानेवारी २००९ मध्ये 'सत्यम्'चा गैरव्यवहार उघड झाला. मायटासला भांडवल उभारता आले नाही आणि करार रद्द झाला.

दुसऱ्या बोलीत लार्सन अँड टुब्रो कंपनीची निवड झाली आणि सप्टेंबर २०१० मध्ये करार झाला. प्रकल्पाचा अंदाजित खर्च १२,१३२ कोटी रुपये, त्यातील १,४५८ कोटी रुपये अनुदान. करार ३५ वर्षांचा. शिवाय कंपनीला सुमारे २६९ एकर जागेवर १८५ लाख चौरस फूट बांधकाम करून ते भाड्याने देण्याचा हक्क. उत्पन्नाची अपेक्षित विभागणी अशी होती: तिकिटांतून ५० टक्के, बांधकामांच्या भाड्यातून ४५ टक्के आणि जाहिराती, वाहनतळ इत्यादींतून ५ टक्के. हाच आपल्या काळातला कौल.

पंजागुट्टा, इर्रम मंझिल, हायटेक सिटी आणि मूसारामबाग येथे मॉल उभे राहिले. परंतु ठरलेल्या बांधकामाचा लहान भागच प्रत्यक्षात आला. कारणे समजून घेतली पाहिजेत. एक म्हणजे, २६९ एकरांपैकी सुमारे २१२ एकर आगारांच्या जागी होते आणि केवळ ५७ एकर स्थानकांजवळ. आगार मार्गाच्या टोकाला असते. उतारूंची गर्दी मध्ये असते. दुसरे, आपली मेट्रो जुन्या रस्त्यांच्या मधोमध खांबांवरून जाते. दोन्ही बाजूंच्या जमिनींचे मालक आधीच ठरलेले होते. किंमत वाढली ती बहुतांशी त्यांची, मेट्रोची नव्हे. हाँगकाँग आणि नवी मुंबईत जमीन आधी सार्वजनिक हाती होती, मग रेल्वे आली. येथे रेल्वे आली तेव्हा पेठ कधीच वसून गेली होती. तिसरे, बांधकाम लांबले आणि त्याबरोबर व्याज वाढले. चौथे, करोनाच्या साथीत मार्च २०२० पासून सप्टेंबर २०२० पर्यंत मेट्रो बंद राहिली, आणि त्यानंतर घरून काम करण्याची रीत पडल्याने कचेऱ्यांची गरजही काही काळ घटली.

परिणाम तिकिटावर झाला. मे २०२५ मध्ये कमाल भाडे ६० रुपयांवरून ७५ रुपये करण्यात आले. मग लगेच १० टक्के सवलत जाहीर झाली. मॉलने जे भरायचे ते उतारूने भरावे, अशी पाळी आली. त्यानंतर चारच महिन्यांत प्रकल्प शासनाकडे घेण्याचे ठरले.

सुलतान बाजारची गोष्ट

याच मेट्रोच्या कथेतील एक प्रकरण आपल्या समाजाच्या अगदी जवळचे आहे. कोठी, सुलतान बाजार, बडी चावडी हा परिसर कित्येक पिढ्यांच्या हैदराबादी मराठी माणसांच्या ये-जा करण्याचा, शाळेचा, पुस्तकांचा आणि लुगड्यांच्या खरेदीचा. रेसिडेन्सीच्या आश्रयाने वाढलेला हा बाजार १९३३ मध्ये निजामाकडे परत आला आणि सुलतान बाजार झाला. मेट्रोचा एक मार्ग त्याच्या अरुंद रस्त्यावरून आखला गेला, तेव्हा व्यापाऱ्यांनी कडाडून विरोध केला. २०१४ मध्ये राज्य वेगळे झाल्यावर मार्ग रेसिडेन्सीच्या जुन्या वास्तूमागून नेण्याचा विचार झाला, पण अखेरीस मूळ आखणीच कायम राहिली. काही इमारतींचा भाग पाडावा लागला. ७ फेब्रुवारी २०२० रोजी जुबिली बसस्थानक ते महात्मा गांधी बसस्थानक हा मार्ग सुरू झाला आणि सुलतान बाजारला स्वतःचे स्थानक मिळाले.

येथे विचार करण्याजोगी एक गोष्ट आहे. अन्यत्र स्थानकाजवळ बाजार नव्याने उभारण्यासाठी कोट्यवधी रुपये खर्च झाले. सुलतान बाजारला तो आयताच होता: खाली दुकाने, वर कचेऱ्या आणि बिऱ्हाडे, शंभर पावलांत शाळा आणि ग्रंथालय. मिश्र वापराचे असे संकुल कोणी वास्तुशिल्पी कागदावर रेखाटू शकणार नाही. परंतु करारात उत्पन्न मोजले गेले ते कंपनीने बांधलेल्या चौरस फुटांचे. जुन्या पेठेला त्या हिशेबात स्थान नव्हते. तिच्याकडे पाहिले गेले ते मार्गातील अडथळा म्हणून.

पदपथावरच्या विक्रेत्यांबाबत कायद्याने २०१४ मध्ये एक चांगली संज्ञा स्वीकारली आहे, 'नैसर्गिक बाजार'. जेथे विकणारे आणि घेणारे पूर्वापार जमतात, तो नैसर्गिक बाजार. मला हा 'पेठ' शब्दाचाच कायदेशीर अनुवाद वाटतो. ही दृष्टी पथविक्रेत्यांपुरती न ठेवता स्थानकांच्या आखणीतही यायला हवी.

कसोट्या

अशी संकुले वाईट, असे माझे म्हणणे नाही. उन्हातान्हात रस्ता न ओलांडता स्थानकातून थेट कचेरीत जाता येते, ही मोठी सोय आहे. उन्हाळ्यात सत्तरी ओलांडलेल्या माणसाला तिचे मोल अधिकच कळते. परंतु नव्या संकुलाची पाहणी करताना आपण तीन प्रश्न विचारावेत.

पहिला, वाढलेली किंमत कोणाकडे जाते? २०१७ च्या केंद्रीय मेट्रो धोरणाने जमिनीच्या वाढीव मूल्याचा वाटा मिळवण्यावर भर दिला आहे. तो वाटा केवळ मेट्रोच्या मालकीच्या भूखंडांतून मिळणार नाही, हे हैदराबादने दाखवले. मार्गालगतच्या साऱ्या जमिनींच्या वाढीतून, वाढीव बांधकामाच्या शुल्कातून, तो गोळा व्हायला हवा, आणि शासनाने तो प्रत्यक्ष मेट्रोला पोहोचवायला हवा.

दुसरा, वाट कोणाची? स्थानकातून रस्त्यावर उतरण्याचा मार्ग सार्वजनिक आहे की मॉलच्या दारातून जातो? मेट्रो पहाटे सुरू होते, दुकाने दहा-अकराला उघडतात. त्या मधल्या वेळी वाट उघडी असते काय? आमच्या शहरातील एका स्थानकावर सरकता जिना दुकानांपर्यंत सुखाने नेतो, पण रस्त्यावर येण्यासाठी काठी टेकीत पायऱ्या उतराव्या लागतात. सोय कोणासाठी केली, हे अशा ठिकाणी कळते. ज्याला काही विकत घ्यायचे नाही, त्यालाही तितक्याच मानाने जाता आले पाहिजे.

तिसरा, नुसता भात खाणाऱ्याला जागा आहे काय? चहावाला, फुलवाली, चप्पल दुरुस्त करणारा, जुनी पुस्तके विकणारा, यांना परवडेल असा एखादा कोपरा संकुलात किंवा त्याच्या पायथ्याशी आहे काय? हा केवळ दयेचा प्रश्न नाही. मेट्रोचे बहुसंख्य उतारू रोज मॉलमध्ये खरेदी करणारे नाहीत. त्यांच्या गरजा दहा-वीस रुपयांच्या आहेत. त्या भागवणारी पेठ स्थानकाभोवती वसली तर उतारू वाढतात, आणि उतारू वाढले तर गाडीचा हिशेब जुळू लागतो. कोबायाशींना १९२९ मध्ये हे उमगले होते.

नागपूर आणि पुण्यात मेट्रो धावत आहे. मे २०२५ मध्ये ती इंदूरलाही सुरू झाली. या गावांत आपले आप्त आणि या शाळेचे कितीतरी माजी विद्यार्थी आहेत. काही अभियंते आहेत, काही शासकीय सेवेत, काही बांधकाम व्यवसायात. स्थानकालगतच्या भूखंडाचा नकाशा त्यांच्यापैकी कोणाच्या तरी टेबलावर येईल. त्या वेळी त्यांनी नकाशावरच्या चौरस फुटांआधी तेथे आज कोण जमते, कोण विकते आणि कोण कोठून चालत येते, हे पाहावे. जुन्या राज्यकर्त्यांचा कौल पेठ वसवण्यासाठी असे. नव्या कौलाने वसलेली पेठ उठू नये, एवढी दक्षता तरी घ्यावी.